ताटलीएवढा डेलिया हवा असेल तर खताचं शेवटी बघू

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही नाशिकच्या एका नर्सरीतून डेलियाची दोन रोपं आणलीत. एकावर पिवळंधमक, पसरट फूल होतं, दुसऱ्यावर जांभळ्या कळ्या होत्या. गच्चीत ठेवलीत, पाणी घातलंत, खतही घातलंत. फुलं भरपूर आली, पण प्रत्येक खेपेला आधीपेक्षा लहान, फेब्रुवारीत तर लिंबाएवढी. मार्चअखेर झाडं वाळली. कंद कुंडीतच राहू दिलेत आणि जुलैत माती उकरली तर हाताला नुसता लगदा लागला. आता ऑगस्ट चालू आहे आणि तुम्ही विचारताय, "यंदा फूल ताटलीएवढं यावं म्हणून कोणतं खत घालू?"

मी पुण्यात २७ वर्षं डेलिया लावते आहे. अंगण आणि गच्ची मिळून दर हिवाळ्यात तीस-चाळीस कुंड्या असतात. तुमचं खत चुकलं असं मला वाटत नाही. नोव्हेंबरात फुलासकट आणलेलं रोप म्हणजे मळणी होत आलेलं पीक. ते पहिलं मोठं फूल नर्सरीवाल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात केलेल्या कामाचं होतं. तुमच्या हातात झाड आलं तेव्हा त्याची वाढ संपली होती, कुंडी लहान होती, मुळं गुंडाळली गेली होती, आणि त्यातून आलेली प्रत्येक कळी तुम्ही मायेने राहू दिलीत. तेवढ्याच पानांच्या जिवावर पंधरा फुलं पोसायची म्हटल्यावर ती लिंबाएवढीच होणार.

याला आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी लोक सांगतात. डेलिया दिवसाची लांबी ओळखतो. दिवस बारा तासांच्या वर असेल तोवर तो मुख्यतः अंग वाढवतो, पानं-खोड करतो. दिवस त्याखाली उतरू लागला की त्याचं लक्ष फुलाकडे आणि जमिनीखाली कंद भरण्याकडे जातं. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस-रात्र सारखे होतात आणि डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांवर येतो. म्हणजे दिवाळीपर्यंत झाडाने जे शरीर कमावलं असेल, त्यावरच पुढचं फूल पोसलं जाणार. डिसेंबरात कितीही खत ओतलं तरी झाड पुन्हा मागे जाऊन पानं करत बसत नाही. म्हणून खताचा प्रश्न मी शेवटी घेणार आहे.

सगळं सगळीकडे सारखं चालत नाही, हेही आधीच सांगते. डेलियाला दिवसा पंचवीस-सत्तावीस आणि रात्री दहा ते पंधरा अंश असं हवामान मिळालं की तो खूश असतो. या बाबतीत तुमचं नाशिक माझ्या पुण्यापेक्षा उजवं आहे, तुमच्याकडे थंडी लवकर पडते आणि टिकते. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर रात्री उबदार आणि हवा दमट. तिथे हेच झाड लावलं तर मान कमजोर राहते आणि फूल दोन-तीन इंचांनी कमी भरतं. तिथल्या लोकांना मी मध्यम आकाराच्या जाती लावायला सांगते. विदर्भात हिवाळा छान, पण तिथला उन्हाळा कंदांना जगू देत नाही. ऊन किमान पाच तासांचं हवं, सकाळचं असेल तर उत्तम. इथे एक गोष्ट तपासा: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आज ऑगस्टात जिथे ऊन येतं तिथे डिसेंबरात भिंतीची सावली असू शकते. उत्तरेकडच्या बाल्कन्या हमखास अशा फसवतात. आणि पाणी बोअरचं, क्षारांचं असेल तर पानांच्या कडा करपू शकतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर तेच वापरा.

आता जात. हे आधी पक्कं व्हायला हवं, कारण जातीत नसलेला आकार कोणीच काढू शकत नाही. पाकिटातल्या बियांपासून येणारा डेलिया वाफ्यात रंग भरायला छान, पण त्यातून सहसा ताटलीएवढं फूल येत नाही. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात जसे दोन असतात तसे. त्यामुळे बीपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं, मोठ्या फुलाचं बी लावलं तरी मोठं फूल येईल याचा भरवसा नाही. हवी ती जात हवी असेल तर कंद किंवा कटिंग, म्हणजे कोंब कापून त्याला मुळं फुटवून केलेलं रोप, तिसरा मार्ग नाही. अमेरिकेतल्या डेलिया संस्थेच्या वर्गवारीत दहा इंचांच्या वरचं फूल सर्वांत मोठ्या गटात जातं, आठ ते दहा त्याखालच्या, सहा ते आठ मध्यम. पॉमपॉन, म्हणजे चेंडूसारख्या गोल जातीचं फूल दोन इंचांपर्यंतच असतं. त्याला कितीही खाऊपिऊ घातलं तरी ते तेवढंच राहणार. मोठ्यात 'केल्विन फ्लडलाइट' हा पिवळा नव्या माणसाला सगळ्यात चांगला, दहा इंचांपर्यंत जातो. 'कॅफे ओ ले' दुधाळ चहाच्या रंगाचा, आठ-नऊ इंच, मात्र त्याचा देठ नाजूक. 'थॉमस एडिसन' जांभळा, आकाराने जरा कमी पण झाड दणकट. तुमचा पिवळा कोणता होता ते फोटोवरून मला सांगता येणार नाही. नावाच्या पाटीवरही फार विसंबू नका. मी स्वतः एका नर्सरीतून पांढरा म्हणून आणलेला डेलिया जानेवारीत गुलाबी फुलला आहे. फुलताना पाहिलेल्या झाडाचं कटिंग मिळालं तर त्यासारखं काही नाही.

तुमचे कंद का कुजले, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या वर्षीचं सगळं त्यावर आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. तिकडे पावसाळ्यात झाड वाढतं, पावसाच्या शेवटी फुलतं आणि कोरड्या हिवाळ्यात कंद होऊन झोपतं. म्हणजे त्याच्या रक्तात काय आहे? कोरडं असलं की झोप, पाऊस आला की ऊठ. आपण त्याला उलटं चालवतो. आपल्या कोरड्या हिवाळ्यात फुलवतो आणि पावसाळ्यात झोपून राहा म्हणतो. मार्च ते मे तो आनंदाने झोपतो. जूनच्या पहिल्या सरीबरोबर कुंडीतली माती भिजली की त्याला वाटतं उठायची वेळ झाली. तो कोंब काढायला जातो, वर छत नसतं, माती चिंब, हवा कोंदट, आणि दहा दिवसांत कंद सडतो. त्यातून खोड पोकळ. मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत डेलियाला जे नाव आहे त्याचा अर्थच पोकळ नळीचं झाड असा होतो. वाळलेलं खोड कापून उघडं सोडलं की पावसाचं पाणी नळीतून थेट कंदांच्या गळ्याशी उतरतं. तुमच्या कुंडीत हेच झालं असणार.

त्यामुळे मी पावसाळ्यात कंदांना झोपवत नाही. मार्चमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करते. खोड जमिनीपासून सहा इंचांवर कापते आणि वरचं भोक मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करते. कुंडी आडोशाला, सावलीत, आठ-दहा दिवसांतून एकदा वाटीभर पाणी, इतकंच. पूर्ण कोरडी ठेवली तर मेच्या उन्हात कंद खारकेसारखे सुकतात. जून लागला की कुंडी पत्र्याच्या शेडखाली, जिथे उजेड येतो पण पाऊस लागत नाही. तिथे कोंब आले तर येऊ दे. ही माझी मातृझाडं. त्यांना फुलवायचं नाही, ती फक्त कटिंग देण्यासाठी. ऑगस्टपर्यंत प्रत्येकावर पाच-सहा कोंब असतात.

कंद वेगळे करून ठेवणारेही आहेत. ते करायचं असेल तर एक चूक टाळा. डेलियाच्या कंदाला बटाट्यासारखा अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते फक्त गळ्याशी, जुन्या खोडाला कंद जिथे चिकटलेला असतो तिथे. मी पहिल्या वर्षी अकरा गुबगुबीत कंद एकेक करून सोडवले, तोडताना माना तिथेच राहिल्या, आणि सप्टेंबरभर मी मातीकडे बघत बसले. एकही उगवला नाही. नंतर उकरून पाहिले तर कंद तसेच्या तसे, टणक, पांढरे, बाजूला बारीक मुळंही फुटलेली. कोंब मात्र कुठून काढणार? आता कापताना धारदार सुरी घेते, खोडाचा नखाएवढा तुकडा प्रत्येक कंदाबरोबर येईल असं उभं कापते, कापलेल्या जागी बुरशीनाशक पावडर लावते आणि दोन दिवस सावलीत सुकू देते. मग कोरड्या वाळूत.

तुमच्याकडे आता कंद नाहीत, तेव्हा यंदा कटिंगची मुळं फुटलेली रोपं घ्या. सप्टेंबरपासून पुण्या-नाशकाच्या चांगल्या नर्सऱ्यांत ती येऊ लागतात. बरीचशी कोलकात्याकडून येतात, तिकडे मोठ्या डेलियाचा शौक जुना आहे. फूल असलेलं रोप घेऊ नका. बोटाएवढं, चार जोड्या पानांचं, गडद हिरवं, दोन पेरांमधलं अंतर कमी असलेलं रोप निवडा. पानांच्या शिरांलगत फिकट पट्टे दिसत असतील आणि झाड खुजं वाटत असेल तर तो मोझॅक विषाणू असतो, त्याला औषध नाही. कितीही स्वस्त दिलं तरी घरी आणू नका, मावा ही रस शोषणारी कीड तो विषाणू पसरवत तुमच्या सगळ्या कुंड्यांपर्यंत नेते.

कोणाकडून कोंब मिळालाच तर कटिंग घरी करणं अवघड नाही. तीन-चार इंचांचा कोंब, पेराच्या लगेच खाली कापलेला. कापलेला भाग पाहा. भरीव असेल तर मुळं धरतो, आत पोकळ झालेला असेल तर बहुतेक कुजतो. खालची पानं काढा, ओल्या वाळूत खोचा, सावलीत ठेवा. पंधरा ते वीस दिवसांत मुळं येतात. आधी चार इंची कुंडी, मग ऑक्टोबरच्या मध्यावर बारा इंची. एकदम मोठ्या कुंडीत लावायचा मोह होतो, पण इवल्या मुळांभोवती भरपूर ओली माती म्हणजे कुजण्याला आमंत्रण. दुसरी भीती ऑक्टोबरच्या उन्हाची. पावसाळी सावलीतून आलेलं कोवळं रोप त्या उन्हात दुपारी मान टाकतं. दोन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवा, मग उघड्यावर आणा.

माती काळी असेल तर तशीच वापरू नका, ती पाणी धरून बसते. मी दोन घमेली पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत, अर्धं घमेलं जाड वाळू घेते. त्यात प्रत्येक बारा इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ हाडांचा चुरा आणि एक मोठा चमचा सिंगल सुपर फॉस्फेट. हे मिश्रण पंधरा दिवस आधी करून ओलसर ठेवते. शेणखत हातात घेतलं तर मातीसारखं भुरभुरीत हवं आणि त्याला वास नको. कच्चं असेल तर मुळं खाणारी हुमणी अळी आणि बुरशी दोन्ही बरोबर घेऊन येतं. कुंडी काठापर्यंत भरू नका, वरचे तीन इंच रिकामे ठेवा. नोव्हेंबरात खोडाच्या तळाशी नवी मुळं सुटतात, तेव्हा तिथे खतमातीची भर देता येते, आणि ती भर झाडाला फार मानवते. गच्चीत कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवलेली काठी कंद फोडत जाते. साडेतीन-चार फुटांचा बांबू पुरतो. सुतळीने इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास, दर फुटाला एक. पोकळ खोड आहे, वाऱ्याच्या एका झोतात मोडतं, आणि मोडल्याचा आवाज रात्री घरात ऐकू येतो.

आता शेंडा. यावर लोक भांडतात, पण खरं तर प्रश्न तुम्हाला काय हवंय याचा आहे. एकच, पण जातीला शक्य तितकं मोठं फूल हवं असेल तर शेंडा मारू नका. एक खोड सरळ वर जाऊ द्या आणि पानांच्या बगलेत जे फुटवे येतात ते दोन इंचांचे झाले की काढत जा. सर्वांत खालचे दोन तेवढे ठेवा, दुसऱ्या बहारासाठी. तीन-चार फुलं हवी असतील तर चार जोड्या पानं झाल्यावर शेंडा खुडा, येणाऱ्या फांद्यांतल्या दमदार तीन ठेवा, बाकी काढा. शेंडा मारला की फूल दोन-तीन आठवडे उशिरा येतं, म्हणून हे ऑक्टोबरच्या विसाच्या पुढे करू नका. तुम्ही दोन रोपं घेणार असाल तर एक असं करा, एक तसं. फक्त फुटवे काढताना पान जाऊ देऊ नका. फुटवा जातो, पान राहतं. फूल त्या पानांवरच पोसलं जातं. सुरुवातीला बरेच जण दोन्ही ओरबाडतात आणि उघडं खोड करून ठेवतात.

इथवरचं जमलं की नोव्हेंबरच्या मध्यावर तुमच्यापुढे अंगठ्याएवढ्या खोडाचं, तळापासून हिरवंगार, अडीच-तीन फुटांचं झाड असेल आणि कळीचा पत्ता नसेल. घाबरू नका, नेमकं हेच हवं आहे.

मग खत. लावल्यापासून तीन आठवडे काहीच नाही, मातीत भरपूर आहे. त्यानंतर आठवड्यातून एकदा पेंडीचं पाणी: पाव किलो भुईमूग पेंड पाच लिटर पाण्यात सहा-सात दिवस भिजत ठेवायची, रोज काठीने ढवळायची, मग त्यातलं एक भांडं दहा भांडी पाण्यात मिसळून कोऱ्या चहाच्या रंगाचं करायचं. झाडाला अर्धा लिटर, माती आधीच ओली असताना. वास येतो, शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवा. हे जमत नसेल तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) लिटरला दोन ग्रॅम. कळी हरभऱ्याएवढी दिसली की नत्र कमी करायचं आणि १३:०:४५ त्याच प्रमाणात, आठवड्याला एकदा. कळीतून रंग डोकावला की सगळं खत बंद. नत्र जास्त झालं तर पानं तळहातापेक्षा मोठी, गडद आणि ठिसूळ होतात, बघायला फार छान वाटतात, पण फुलाची मान लुळी पडते आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. पाण्याचं म्हणाल तर वरचा इंचभर थर कोरडा झाला की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्या. फूल भरत असताना जानेवारीत रोज लागतं. त्या दिवसांत एक दुपार जरी झाड कोमेजलं तरी बाहेरच्या पाकळ्यांची टोकं तपकिरी होतात आणि ती पुन्हा सुधारत नाहीत.

आता ज्यात सगळ्यांचा हात थरथरतो ते काम. शेंड्यावर कळ्या येतात त्या तिघी एकदम: मधली मोठी, दोन बाजूच्या लहान. मधली ठेवायची, बाजूच्या दोन्ही काढायच्या. त्याखालच्या दोन-तीन पेरांतले फुटवेही काढायचे, कारण त्यांच्याही टोकाला कळ्याच आहेत. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला द्राक्षाच्या विरळणीबद्दल मी काय सांगणार. मण्यांचा आकार हवा तर घडात गर्दी नको, तेच इथे.

मला हे शिकवलं शेजारच्या बंगल्यातल्या माळीकाकांनी. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात मी पहिल्यांदा मोठे डेलिया पाहिले आणि पुढच्या वर्षी हौसेने झाड लावलं. त्यावर चौदा कळ्या आल्या, मी रोज मोजायची. काका एका सकाळी कुंपणापलीकडून बघत होते. आत आले, काही न बोलता मधल्या कळीला डाव्या हाताने आधार दिला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने बाजूची कळी आडवी ढकलली. टक्क. मग दुसरी. पाच मिनिटांत जमिनीवर तेरा कळ्या आणि त्यांच्या बोटांना तो डेलियाचा हिरवा, कडवट वास. मला रडू आलं होतं. चार आठवड्यांनी जे फूल उघडलं ते माझ्या दोन्ही तळहातांत मावलं नाही. आजही कळ्या खुडताना मी तसाच डाव्या हाताचा आधार देते. कात्री वापरत नाही, कात्रीचं टोक मधल्या कळीच्या देठाला लागतं. सकाळी करते, तेव्हा देठ पाण्याने भरलेले असतात आणि खटकन तुटतात.

एक सावधगिरी मात्र मी काकांच्या पद्धतीत घातली आहे. दोन्ही बाजूच्या कळ्या एकाच दिवशी काढत नाही. एक काढते, दुसरी पाच-सहा दिवस राखीव ठेवते. घाटेअळी एका रात्रीत मधली कळी पोखरते. राखीव असेल तर निदान ती वाढवता येते. मधली वाटाण्याएवढी निरोगी झाली की राखीव जाते. तिथून पूर्ण फूल उमलायला मोठ्या जातींना माझ्याकडे साधारण चार आठवडे लागतात. कटिंग सप्टेंबरच्या सुरुवातीचं असेल तर फूल जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

किडींपैकी मला सगळ्यात जास्त भीती फुलकिड्यांची. डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण कळी अजून घट्ट असताना आत शिरून पाकळ्या खरवडतात आणि फूल उमलतं तेच डागाळलेलं. कळी उघडल्यावर उपाय करून उपयोग नाही. नोव्हेंबरपासूनच झाडांमध्ये निळे चिकट सापळे लावा आणि दर आठवड्याला संध्याकाळी नीमतेल, लिटरला पाच मिली, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब घालून, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. मावाही त्यातच आटोक्यात येतो. फेब्रुवारीत हवा तापली की लाल कोळी येतो, पानांवर धुळीसारखे फिकट ठिपके दिसतात. त्याला पाण्याचा जोरदार फवारा पानांखालून मारला तर बराच आवरतो. डिसेंबरच्या धुक्यात भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, आली तर खालची दाटीची पानं काढून हवा खेळती करा, आणि पाणी नेहमी मातीत द्या, पानांवर नको.

फूल अर्धं उमललं की त्याला दुपारच्या उन्हापासून जपा. मी काठीलाच जुनी पांढरी ओढणी छत्रीसारखी बांधते. गडद लाल आणि जांभळ्या जाती उन्हात लवकर करपतात, पिवळे त्यातल्या त्यात सोसतात. आकार मोजायचा असेल तर पाठच्या पाकळ्या देठाकडे वळायच्या आत मोजा.

आणि फूल पूर्ण उघडलं की चार-पाच दिवस बघून घ्या, मग कापा. झाडावरच सुकेपर्यंत ठेवायचा मोह मलाही होतो, पण तोवर तळाशी राखून ठेवलेले ते दोन फुटवे अडून राहतात. पाठच्या पाकळ्या बोटाला मऊ लागल्या की समजा वेळ झाली. भल्या सकाळी लांब देठ ठेवून, राखलेल्या फुटव्यांच्या एक पेर वर कापा. खाली उरलेल्या पोकळ खोडाच्या तोंडावर लगेच चिकटपट्टी लावा. डेलियाची कळी फुलदाणीत उमलत नाही, म्हणून अर्धवट उघडलेलं घरात आणण्यात अर्थ नाही. पूर्ण उघडलेलं असेल आणि पाणी रोज बदललंत तर पाच दिवस राहतं. खालचे फुटवे मग जोर धरतात, त्यांच्याही कळ्यांची विरळणी अशीच करा. ती फुलं फेब्रुवारीअखेर येतात, दीड-दोन इंचांनी लहान, पण लिंबाएवढी नक्कीच नाहीत.